नाण्यांचा पारखी : पंडित भगवानलाल इंद्रजी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या वार्षिकात दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र येते. बहुधा ते राजाचे, संताचे, समाजसुधारकाचे किंवा साहित्यिकाचे असते. या वर्षी मी ज्या माणसाविषयी लिहायला बसले आहे, त्याने राज्य केले नाही, अभंग रचले नाहीत की सभा गाजवल्या नाहीत. त्याने आयुष्यभर झिजलेली अक्षरे वाचली. दगडावरची, ताम्रपटावरची आणि मुख्य म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चांदीच्या नाण्यांवरची. पंडित भगवानलाल इंद्रजी हे त्यांचे नाव. इतिहासाच्या पुस्तकात सातवाहन आणि क्षत्रप यांच्या प्रकरणात ते तळटिपेत भेटतात, आणि तळटिपा परीक्षेला नसतात.

विषय सुचायला कारणही तसेच घडले. आमच्या चाळीतले एक काका दिवाळीच्या सुमारास मोबाइलवरची एक जाहिरात दाखवायला आमच्याकडे आले. क्षत्रप राजाचे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे अस्सल चांदीचे नाणे, किंमत नऊशे रुपये, पैसे आगाऊ. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यातून इतिहास घेतलेला. तेव्हा हे नाणे खरे की खोटे ते मीच सांगायचे, असे सर्वांनी ठरवून टाकले. आजीने आपला उपाय सांगितला. तिच्या काळी राणीछाप रुपया फरशीवर वाजवून घेत. खणखणला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. पण मोबाइलवरचा फोटो वाजवता येत नाही. काकांना मी आठ दिवस थांबायला सांगितले आणि ग्रंथालयाची वाट धरली. तिथे पंडितजींची गाठ पडली. ही नाणी ज्यांनी पहिल्यांदा नीट लावून वाचली, त्यांचेच बोट धरून जावे, असे मला वाटले.

भगवानलालांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढ येथे एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी संस्कृताची आणि वैद्यकीची परंपरा होती. शिक्षण जुन्या वळणाचे झाले. इंग्रजी विद्येचा गंध नव्हता. परंतु जुनागढला एक असा शिक्षक होता की जो कोणत्याही विद्यालयात मिळाला नसता. गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. त्याच शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आहे, ज्यात सुदर्शन तलावाचा बांध वादळाने फुटल्याची आणि तो पुन्हा बांधल्याची हकीकत आहे, आणि त्याच शिळेवर गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही लेख आहे. एकाच दगडावर तीन राजवटी! गावची माणसे रोज तिच्यावरून जात आणि ती कोणाची अक्षरे आहेत हे कोणाला सांगता येत नसे.

ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानाने १८३७ च्या सुमारास सोडवले होते. हा प्रिन्सेप मूळचा टांकसाळीतला अधिकारी, आधी बनारसला आणि मग कलकत्त्याला. नाणी पाडणाऱ्या माणसाने लिपी वाचावी, हा योगायोग मला फार आवडला. त्याने ठरवलेल्या वर्णमालेचा तक्ता कोवळ्या वयातच भगवानलालांच्या हाती पडला आणि ते तो घेऊन शिळेपाशी जाऊन बसू लागले. एकेक अक्षर तक्त्याशी ताडून पाहायचे, जमले तर उतरवून घ्यायचे, न जमले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. छापील नकलेत काही ठिकाणी चुका आहेत, हेही त्यांच्या ध्यानात येऊ लागले. छापलेले तेवढे खरे असे मानण्याची सवय आपल्याला असते. त्या मुलाला ती लागली नाही, कारण मूळ दगड त्याच्या समोर होता.

काठेवाडात असलेले इंग्रज अधिकारी किन्लॉक फोर्ब्स यांना या तरुणाची माहिती झाली आणि त्यांच्या शिफारशीने तो मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला. ही १८६०च्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज ज्यांचे नाव आहे तेच हे भाऊ दाजी. ते गोव्यातून आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले नामांकित डॉक्टर. रोगी तपासून उरलेला वेळ आणि मिळालेला पैसा ते प्राचीन लेख, नाणी आणि पोथ्या यांवर खर्च करीत. त्यांना अक्षर ओळखणारा डोळा हवा होता, भगवानलालांना आश्रय आणि दिशा हवी होती. दोघांची जोडी जमली ती १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत.

या बारा-तेरा वर्षांत भगवानलाल किती हिंडले याची कल्पना आज करवत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांच्या नकला त्यांनी घेतल्या. माळवा, काशी, मथुरा, पुढे थेट नेपाळ. मथुरेला १८६९ मध्ये त्यांना शीतलादेवीच्या स्थानी पायरीत बसवलेला एक दगड दिसला. पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह आणि अंगभर खरोष्ठी लिपीतील लेख. मथुरेच्या क्षत्रपांचा इतिहास सांगणारा हाच तो प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष. लोक त्याच्याकडे पूजेचा दगड म्हणून पाहत होते. पंडितजींनी तो वाचायचा दगड म्हणून पाहिला. नेपाळमधून त्यांनी जे लेख गोळा करून आणले त्यांपैकी तेवीस त्यांनी डॉ. ब्यूलर यांच्या साहाय्याने पुढे प्रसिद्ध केले. इंग्रजीत स्वतः लेख लिहिण्याइतकी ती भाषा त्यांना अवगत नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरांसारखे मित्र त्याचे इंग्रजी करीत. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या आम्हा मुलामुलींना हे कळले तर बरे वाटेल, म्हणून मुद्दाम नमूद केले आहे.

भाऊ दाजींच्या पश्चात त्यांचे स्वतःचे लेखन सुरू झाले, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. कारण नाण्याची पारख ज्या पायावर उभी आहे तो पाया म्हणजे आकडे.

प्राचीन ब्राह्मी लेखांत आकडे आपल्यासारखे लिहीत नसत. शून्य नव्हते. एक ते नऊ यांना नऊ चिन्हे, मग दहा, वीस, तीस असे नव्वदपर्यंत प्रत्येकाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. एकशे सत्तावीस लिहायचे तर शंभराचे चिन्ह, मग विसाचे, मग साताचे. प्रिन्सेप, स्टीव्हन्सन, स्वतः भाऊ दाजी यांनी या चिन्हांवर परिश्रम केले होते, पण पुष्कळ चिन्हे संशयात होती. भगवानलालांनी नाणेघाट आणि नाशिक येथील लेख पुन्हा जागेवर जाऊन पाहिले. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे, गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे हजारांत जाणारे आकडे आहेत. १८७७ मध्ये त्यांनी या अंकांवरचा आपला निबंध इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही चिन्हे मुळात अक्षरेच होत, असे त्यांचे मत होते. ते पुढे सर्वांना पटले नाही. पण कोणत्या चिन्हाची किंमत किती, हे ठरवण्यातला त्यांचा वाटा मोठा आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताचा लेख मला सर्वांत गोड वाटला. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. वाचकहो, हिशेब करून पाहा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस! एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. या लेखात रक्कम शब्दांतही आहे आणि अंकांतही. शब्द अंकाची साक्ष देतो, हिशेब दोघांची साक्ष देतो. आकडा चुकीचा वाचला तर भिक्षूंची वस्त्रे कमी पडतात. एका गोष्टीची दुसरीने खात्री करून घेण्याची ही रीत पंडितजींनी पुढे नाण्यांना लावली.

आता क्षत्रपांच्या नाण्यांकडे येऊ. पश्चिमी क्षत्रप हे मूळचे शक. गुजरात, काठेवाड, माळवा आणि काही काळ आपला नाशिक-कोकण भाग यांवर त्यांचे राज्य होते. पाचव्या शतकाच्या आरंभी गुप्तांनी ते संपवले. त्यांचे मुख्य नाणे म्हणजे साधारण दोन ग्रॅम वजनाची चांदीची चकती, आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला राजाचे उजवीकडे पाहणारे मुख, भोवती ग्रीक अक्षरांची माळ. ही अक्षरे सुरुवातीला अर्थपूर्ण होती, पण पुढच्या पिढ्यांच्या कारागिरांना ती वाचता येईनात, त्यामुळे ती नुसती नक्षी होऊन बसली. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याच्या खाली नदीसारखी नागमोडी रेघ, वर चंद्रकोर आणि शेजारी सूर्य. भोवती ब्राह्मी लेख. त्या लेखात राजाचे नाव तर असतेच, पण त्याच्या बापाचे नाव आणि दोघांच्याही पदव्या असतात. कोण नुसता क्षत्रप, कोण महाक्षत्रप. आणि दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाच्या मुखामागे वर्षाचा आकडा येऊ लागतो, शक संवतातला. प्राचीन भारताच्या नाण्यांत असा खजिना दुसरा क्वचितच असेल. बाप, मुलगा, पदवी आणि साल, चारही एकाच चकतीवर.

अडचण अशी की ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे एका नाण्यावर कधीच पूर्ण लेख उमटत नाही. कुठे राजाचे नाव कापले गेलेले, कुठे आकड्यातले एकक काठाबाहेर. भगवानलालांनी स्वतः पदरमोड करून शेकडो नाणी जमवली ती हौस म्हणून नव्हे. एकावर गेलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते, म्हणून. अशी तुकडे जोडून त्यांनी क्षत्रपांची वंशावळ लावली. नाण्यांशिवाय या राजांपैकी बहुतेकांची नावेसुद्धा आपल्याला कळली नसती. कोणत्याही पुराणात ती सलग नाहीत, कोणा कवीने ती गायलेली नाहीत.

ही साखळी किती नाजूक आहे ते एका उदाहरणाने दिसेल. क्षत्रपांच्या नाण्यांत ईश्वरदत्त नावाचा एक महाक्षत्रप मधेच उपटतो. त्याच्या नाण्यांवर बापाचे नाव नाही आणि शक संवतही नाही. स्वतःच्या राज्याचे पहिले वर्ष आणि दुसरे वर्ष एवढेच आहे. हा उपरा कोण आणि नेमका कधीचा? भगवानलालांनी त्याला आभीर मानून इसवी सन २४९ च्या सुमारास, त्रैकूटक संवताच्या आरंभाशी जोडले. पुढच्या विद्वानांनी तो काळ मागे नेला, कोणी थोडा तर कोणी पुष्कळ. हा वाद नाण्यांवरच्या इतर राजांच्या सालांमध्ये कुठे खंड पडतो यावर चालतो. समजा, अशा एखाद्या रिकाम्या वर्षी कोणी चलाख कारागिराने बनावट नाणे पाडून बाजारात सोडले आणि ते कोणा संग्रहात शिरले, तर? गिऱ्हाइकाचे नऊशे रुपये बुडतील हे तर खरेच, पण त्याबरोबर एका राजाचे साल खोटे होईल, आणि ते पुस्तकात छापले जाईल. माझ्या मते खोट्या नाण्याचे खरे नुकसान हे आहे.

खोटी नाणी करणारे कारागीर काही आजचे नाहीत. जर्मनीत कार्ल बेकर नावाचा एक गृहस्थ (मृत्यू १८३०) प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे इतके हुबेहूब कोरी की मोठमोठे संग्राहक फसत. आपली नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून डबा घोडागाडीला बांधी आणि फिरायला जाई, असे सांगतात. म्हणजे गुळगुळीतपणा हा जुनेपणाचा पुरावा नव्हे.

मग काकांच्या फोटोचे काय? पंडितजींची रीत लावून पाहू. पहिली गोष्ट, लेख वाचायचा. नकल करणाऱ्याला ब्राह्मी येत असतेच असे नाही. तो चित्र पाहून आकार काढतो. अक्षरे मणी ओवल्यासारखी दिसतात पण शब्द होत नाहीत. लेख चकतीच्या काठाने कापला न जाता संपूर्ण, मध्यभागी, नीटनेटका बसलेला असेल तरीही शंका घ्यावी, कारण खऱ्या नाण्याला ते भाग्य क्वचित लाभते. दुसरी गोष्ट, मुखामागचा आकडा आणि मागच्या बाजूचे नाव यांचा मेळ बसतो का? एका राजाच्या नाण्याची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू एकत्र केली की बाप मुलापेक्षा लहान निघतो. पदवीचेही तसेच. रुद्रसिंह पहिला याच्या नाण्यांवरून दिसते की तो महाक्षत्रप झाल्यावर काही वर्षे पुन्हा नुसता क्षत्रप होता आणि मग परत महाक्षत्रप झाला. तेव्हा कोणत्या साली कोणती पदवी हे तक्त्यात पाहता येते, आणि नकल करणाऱ्याने सहसा ते पाहिलेले नसते.

तिसरी गोष्ट साधी आहे आणि ती फोटोवरूनही जमते. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी त्यांच्या चकतीचा आकार, काठाची चीर आणि ठसा सरकण्याची दिशा कधी सारखी नसते. त्याच विक्रेत्याच्या चार जाहिरातींत चार नाण्यांची चीर एकाच जागी असेल तर ती साच्यात ओतलेली आहेत. ओतीव नाण्याची अक्षरे मेणासारखी मऊ दिसतात, पृष्ठावर बारीक छिद्रे असतात आणि काठावर दोन साच्यांच्या जोडाची रेघ असते. ती रेघ घासून काढली असेल तर घासल्याच्या खुणा असतात. म्हणून दोन्ही बाजूंबरोबर काठाचा फोटो आणि वजन मागावे. हे द्यायला जो कुरकुरतो त्याच्याशी पुढे बोलू नये. आजीच्या वाजवण्याच्या परीक्षेबद्दल मात्र पुस्तके सावध करतात. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. अस्सल असूनही ती बद्द वाजते आणि प्रसंगी तडकते. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली की तिच्या वेळी असली जुनी नाणी कोणी खर्चायला आणत नसे. हेही खरेच.

वजनाच्या काट्यालाही मर्यादा आहेत, आणि ती मर्यादा आपल्या आजी-आजोबांच्या रुपयातच दिसते. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार दुर्मिळ आहे, तर १९३८ चा सहज मिळतो. म्हणून १९३८ मधल्या आठाचा खालचा डावा भाग कोरून काढून त्याचा नऊ करतात. नाणे अस्सल, चांदी अस्सल, वजन बरोबर, आवाज खणखणीत. खोटा आहे तो केवळ एक आकडा. इथे काटा, चुंबक, कसोटी सगळे हात टेकतात आणि पुन्हा भिंग घेऊन आकडा वाचणारा माणूस लागतो. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि नकल करणे अवघड जावे म्हणून काठ खास पद्धतीचा केला, यावरून त्या काळीही खोट्या रुपयांचा त्रास किती होता याची कल्पना यावी.

हनुमान किंवा रामदरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, वर १८१८ साल, अशीही नाणी लाखालाखाला विकायला निघतात. कंपनीने तशी नाणी कधी पाडली नाहीत. ती मागाहून बनवलेली आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांच्या व्यवहारावर शुल्क मागणारेही निघाले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला आपला यांच्याशी संबंध नाही असे जाहीर करावे लागले. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परवान्याची चौकशी करताच काकांच्या विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले. फोटोत ब्राह्मीच्या जागी नुसत्या उभ्या रेघा होत्या.

असो. पंडितजींच्या चरित्राकडे परत येऊ, कारण त्यातला सर्वांत नाट्यमय प्रसंग अजून सांगायचा आहे, आणि तो आपल्या अगदी जवळ घडला. मालाडहून विरार लोकलने निघाल्यास वसई रोडनंतरचे स्थानक नालासोपारा. तेच प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा एक उंचवटा होता. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्यासाठी भगवानलाल ठाणे जिल्ह्यातील प्राचीन स्थळांची माहिती गोळा करीत होते. हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे त्यांनी ओळखले. एप्रिल १८८२ मध्ये तो उकरला. आत विटांच्या कोठीत एक मोठा गोल दगडी करंडा निघाला. करंड्यात तांब्याचा डबा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते, ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. सोन्याची सुमारे तीनशे फुले होती. तांब्याच्या डब्याभोवती आठ कांस्य मूर्ती बसवलेल्या होत्या. आणि त्यात एक चांदीचे नाणे होते, न झिजलेले, सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे.

सातवाहनांची चांदीची नाणी फार थोडी सापडतात. त्यांच्यावर क्षत्रपांच्या नाण्यांसारखेच राजाचे मुख असते. त्यामुळे हे नाणे स्वतःही मोलाचे, पण त्याहून मोलाची त्याची जागा होती. ते कोणाच्या खिशातून आले नव्हते. बंद करंड्यातून, साक्षीदारांच्या देखत आले. स्तूपाचा काळ ठरवायला पंडितजींनी त्याचाच आधार घेतला. पुढच्या अभ्यासकांनी आठ मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकांतल्या ठरवल्या, म्हणजे मधल्या काळात स्तूप कोणी तरी उघडून पुन्हा बंद केला असला पाहिजे. नाणे खोटे बोलले नव्हते. ते फक्त आपल्यापुरते बोलले होते. सोपाऱ्यालाच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. त्यांनी करंड्यातल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन केल्या.

विद्वानांच्या जगाने त्यांचा मान राखला. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, मुंबई विद्यापीठाने आपले फेलो केले. ज्याने कधी कॉलेजचे तोंड पाहिले नाही तो विद्यापीठाचा फेलो झाला. वाळकेश्वरच्या घरात मात्र थाट वाढला नाही. नाणी, ठसे, शाईचे कागद आणि पोथ्या यांचीच दाटी.

१६ मार्च १८८८ रोजी वाळकेश्वरलाच त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. क्षत्रपांच्या नाण्यांवरचा त्यांचा मोठा निबंध पुरा व्हायचा राहिला होता. त्यांच्या टिपणांवरून रॅप्सन या इंग्रज अभ्यासकाने तो तयार करून १८९० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. गुजरातच्या प्राचीन इतिहासाची त्यांची टिपणेही १८९६ मध्ये गॅझेटियरच्या पहिल्या खंडात आली.

एक गोष्ट त्यांना पाहायला मिळाली नाही याची मला फार रुखरुख वाटते. त्यांच्या काळी नहपानाची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत होती. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, एकूण तेरा हजारांहून अधिक. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगर आणि उज्जैन चिन्ह उमटवलेले, आणि त्यांच्याखालून नहपानाचे नाक, कान, ग्रीक अक्षरे डोकावतात. पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या मातेने मुलाने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे कोरून ठेवले आहे. तो लेख भगवानलालांनी वाचला होता. त्याची चांदीतली साक्ष त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी जमिनीतून वर आली. ही नाणीसुद्धा फेरफार केलेलीच, पण फरक असा की सातकर्णीने जुने लपवले नाही. जिंकलेल्याचा चेहरा खाली तसाच राहू दिला.

भगवानलालांनी मृत्युपत्रात आपली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली आणि नाणी ब्रिटिश म्युझियमला. मथुरेचा सिंहस्तंभशीर्षही तिकडेच गेला. आपल्या मातीतला हा ठेवा विलायतेला का, असे वाटते, आणि मला अजूनही ते थोडे खटकते. रॅप्सनने १९०८ मध्ये आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची जी मोठी सूची प्रसिद्ध केली, तिच्या आधाराला पंडितजींची हीच नाणी होती. कोणाच्याही हाती क्षत्रप नाणे आले की त्यावरचे साल आणि पदवी आजही त्याच सूचीशी ताडून पाहतात.